नायिका इन्स्पेक्टर आहे, मग खटकतंय कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचा गट एकत्र चित्रपट पाहतो आणि नंतर चर्चा करतो. मागच्या चित्रपटात नायिका पोलीस इन्स्पेक्टर होती, चार-चार गुंडांना एकटी लोळवत होती. तरीही गटातल्या काहीजणींना तो बायकांना कमी लेखणारा वाटला, पण नेमकं का ते कुणालाच सांगता येईना. त्याआधीच्या एका चित्रपटात नवरा बायकोवर हात उचलतो असा प्रसंग होता, तर तेवढ्यावरून काहींनी तो स्त्रीविरोधी ठरवला. स्त्रीने असं असावं, पुरुषाने तसं असावं हे ठरीव साचे चित्रपट मोडतोय की आणखी घट्ट करतोय, हे ओळखायचं कसं आणि जुने चित्रपट यादीतून काढून टाकावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी संकलक आहे, त्यामुळे माझं उत्तर एडिटिंगच्या खुर्चीतून येणार. समीक्षक किंवा समाजशास्त्राचे अभ्यासक कदाचित दुसरीकडून सुरुवात करतील.

तुमच्या गटातला वाद नायिका कोण आहे यावर चाललाय, असं मला दिसतं. ती इन्स्पेक्टर आहे, मारामारी करते, मग तर ती सबळ झाली ना! पण पात्राचा व्यवसाय ही पटकथेतली एक ओळ असते. 'शिक्षिका' खोडून 'इन्स्पेक्टर' लिहिलं की काम झालं. बाकीचा चित्रपट जसाच्या तसा राहू शकतो, आणि बऱ्याचदा राहतोच. चित्रपटाला खरोखर काय वाटतं ते मी दोन ठिकाणी शोधतो. निर्णयाची वेळ येते तेव्हा कॅमेरा कुणापाशी थांबतो? आणि तिच्या निर्णयामुळे गोष्ट वळते, की गोष्ट वळून गेल्यावर तिला कळवलं जातं?

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक प्रसंग घेऊ. इन्स्पेक्टर रात्री उशिरा घरी येते. नवरा टेबलाशी बसलाय. मुलीच्या शाळेतून फोन आला होता, तू उचलला नाहीस, असं तो सुरू करतो आणि दीड मिनिट बोलत राहतो. शेवटी ती म्हणते, "मी बदली मागितलीय." बस, एवढंच. माझ्याकडे दोघांचेही क्लोज-अप आहेत, शिवाय दोघं एकत्र दिसतील असा एक लांबचा शॉट आहे. तो बोलताना मी त्याच्यावरच राहिलो आणि ती मान खाली घालते नेमक्या त्या क्षणी तिच्यावर गेलो, तर प्रसंग होतो चुकलेल्या आईचा. तेच संवाद तिच्या शॉटवर टाकले, म्हणजे आवाज त्याचा आणि पडद्यावर ती टोपी काढतेय, पट्टा सोडतेय, किल्ल्या जागेवर ठेवतेय, तर प्रसंग होतो मनाशी आधीच काही ठरवून आलेल्या बाईचा. संवादातला एक शब्दही बदललेला नाही.

आता ते शेवटचं वाक्य. ती 'बदली मागितलीय' म्हणते आणि लगेच त्याच्या चेहऱ्यावर कट होतो. बहुतेक वेळा इथेच कट मारला जातो, कारण हात आपसूक तिकडे जातो. शेजारी बसलेला दिग्दर्शकही म्हणतो, "त्याची रिअ‍ॅक्शन घे." त्या एका कटने तिचा निर्णय ही त्याच्या आयुष्यातली घटना होते. त्याला धक्का बसला, आता तो काय करणार, हे प्रेक्षक पाहू लागतो. तिला ते वाक्य बोलून हलकं वाटलं की भीती वाटली, हे पाहायची संधीच कुणाला मिळत नाही. असे कट चित्रपटभर पसरलेले असले, तर नायिका पडद्यावर कितीही वेळ असो, आपण तिच्या बाजूने काहीच अनुभवत नाही. तुमच्या गटातल्या ज्यांना 'काहीतरी खटकलं', त्यांना बहुधा हेच खटकलं असणार. प्रेक्षकाला कट दिसत नाही, पण त्याचा परिणाम बरोबर जाणवतो.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी वेगवेगळ्या शॉटना जोडला. सुपाच्या वाटीशेजारी तो चेहरा भुकेला वाटला, शवपेटीशेजारी दुःखी वाटला. हा प्रयोग सांगताना एक गोष्ट सहसा राहून जाते. चेहरा कुणाचा आणि त्याच्यापुढची 'वस्तू' कोणती, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. नायक पाहतो, कट, नायिका. या क्रमाने शेकडो चित्रपट कापले गेले की पाहणारा तो आणि पाहिली जाणारी ती, अशी सवयच होऊन जाते. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये एका निबंधात हे नीट मांडलं आणि तेव्हापासून सिनेमाच्या अभ्यासात ही चर्चा चालू आहे. पण त्यासाठी तो निबंध वाचायलाच हवा असं नाही. नायक-नायिकेची एन्ट्री पाहा. त्याची बहुधा पाठीमागून किंवा बुटांवरून थेट चेहऱ्यावर येते. तिची पायांवरून सरकत सरकत वर, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. इन्स्पेक्टरच्या गणवेशातही कॅमेरा तसाच वर सरकत असेल, तर गणवेशाने काय बदललं?

आणखी एक चलाख युक्ती आहे. नायिकेला मोठं करण्यासाठी इतर बायकांना छोटं केलं जातं. वहिनी कटकट करणारी, सहकारी नटवी, शेजारीण चहाडखोर, आणि नायिका मात्र 'बाकीच्या बायकांसारखी नाही'. वरवर पाहता साचा मोडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात एक बाई साच्यातून बाहेर काढून बाकी सगळ्यांना त्यातच आणखी दाबलेलं असतं. तुमचा तो चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा नायिका सोडून उरलेल्या स्त्रियांकडे लक्ष द्या. त्यातल्या एकीला तरी स्वतःचं काही हवंय का, की त्या फक्त नायिकेची उंची मोजायला उभ्या आहेत?

लिहितानाच साचा टाळता येतो, याचं एक नावाजलेलं उदाहरण म्हणजे 'एलियन' (१९७९). त्याच्या मूळ पटकथेत स्पष्ट टीप होती की अंतराळयानावरची सगळी माणसं स्त्री किंवा पुरुष कुणीही असू शकतात. रिप्ली ही भूमिका सिगर्नी वीव्हर यांच्याकडे गेली आणि एक अधिकारी नियमाला धरून निर्णय घेते, तिचं न ऐकल्यामुळे इतरांवर संकट येतं, अशी गोष्ट तयार झाली. तिच्या निर्णयांना 'बाई असूनही' असं शेपूट कुठेच नाही. तरी शेवटाकडे कॅमेरा तिला अंतर्वस्त्रांत पाहतो, आणि त्या प्रसंगावरून आजही वाद होतात. पटकथेने काढून टाकलेली गोष्ट कॅमेऱ्याने मागच्या दाराने आत आणली, असं काहीजण म्हणतात. तिथे ती सर्वांत असुरक्षित आहे हे दाखवायला ते गरजेचं होतं, असं इतरांचं म्हणणं. मला पहिलं जास्त पटतं, पण दुसरं म्हणणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. एकच चित्रपट एका जागी साचा मोडतो आणि दुसऱ्या जागी जपतो, हे नेहमीचंच आहे. 'पुरोगामी' किंवा 'प्रतिगामी' असा शिक्का मारण्याची घाई केली की हे दिसायचं राहून जातं.

आता मारहाणीचा प्रश्न. एखादी गोष्ट दाखवणं म्हणजे तिचं समर्थन करणं नव्हे, हे तर खरंच. पण 'आम्ही फक्त वास्तव दाखवलं' हा बचावही मी तसाच गिळत नाही. थप्पड पडते तो शॉट फारच छोटा असतो. त्यानंतर काय येतं, तिथे चित्रपटाचं मत कळतं. ती कोसळते आणि कट होऊन दुसऱ्या दिवशीची सकाळ येते, तर मार ही कथेतली किरकोळ बाब ठरली. मग पश्चात्तापाने व्याकूळ झालेल्या नवऱ्यावर व्हायोलिन सुरू झालं, तर सहानुभूती कुठे वळवली ते उघड आहे. 'थप्पड' (२०२०) मध्ये भर पार्टीत नवऱ्याने मारलेल्या एका थपडेनंतर जवळजवळ उरलेला सगळा चित्रपट त्या एका क्षणाचे परिणाम तपासण्यात जातो. तुमच्या गटात 'दाखवलं की नाही' यावर वाद घालण्यापेक्षा 'नंतर किती वेळ दिला आणि कुणाला दिला' हे विचारा. नाही म्हणणाऱ्या मुलीच्या मागे मागे फिरणाऱ्या नायकालाही हाच नियम लावा. त्या प्रसंगाचा आवाज पूर्ण बंद करून पाहा. संगीत असताना जो प्रेमवीर वाटतो, तो आवाजाशिवाय कसा दिसतो ते पाहून बऱ्याच जणांची बोलती बंद होते.

संगीताचा विषय निघालाच आहे तर 'कुंकू' (१९३७) आठवतो. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटात नीरा या तरुण मुलीचं लग्न फसवून एका वयस्कर विधुर वकिलाशी लावून दिलं जातं, आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे यांची नीरा रडून भेकून दया मागत नाही, चिडते. चित्रपटाला रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही, प्रसंगातलेच आवाज वापरले आहेत. संकलक म्हणून मला यातली गंमत अशी वाटते की तिच्या रागाखाली करुण सूर अंथरलेला नसल्यामुळे तो राग मऊ होत नाही. 'बिचारी' म्हणून तिला कवटाळायची सोयच प्रेक्षकाला ठेवलेली नाही. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीचा चित्रपट आहे हा, आणि आजच्या कित्येक इन्स्पेक्टर नायिकांना असा निर्भेळ राग मिळत नाही.

पण 'कुंकू'चा शेवट पाहा. तो म्हातारा नवरा आत्महत्या करतो आणि पत्र लिहून तिला मोकळं करतो. म्हणजे चित्रपटभर लढली ती, पण सुटका झाली ती त्याच्या हातून, त्याच्या मोठेपणामुळे. मग 'उंबरठा' (१९८२) शेजारी ठेवा. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते, परत येते तेव्हा नवऱ्याचा दुसऱ्या बाईशी संबंध असल्याचं कळतं आणि ती पुन्हा घर सोडते. हा निर्णय तिचा आहे आणि त्याची किंमतही, मुलगी दुरावण्यासकट, चित्रपट लपवत नाही. ४५ वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले की शेवट कुणी ठरवला, हा प्रश्न आपोआप समोर येतो.

शेवटाचं महत्त्व पूर्वीच्या सेन्सॉरवाल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. हॉलिवूडमध्ये हेज कोड म्हणून ओळखली जाणारी नियमावली १९३४ पासून कडकपणे लागू झाली आणि १९६८ पर्यंत टिकली. पापाला शिक्षा झालीच पाहिजे, व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये, असा तिचा रोख होता. ती कडक होण्याच्या आदल्याच वर्षी, १९३३ मध्ये, 'बेबी फेस' नावाचा चित्रपट आला. गरीब घरातली एक मुलगी पुरुषांचा वापर करत मोठ्या बँकेत मजल्यामागून मजला वर चढत जाते, अशी त्याची गोष्ट. तिला वाट दाखवणारा एक म्हातारा चांभार मूळ आवृत्तीत निर्लज्जपणे सांगतो की तुझ्या हातातली ताकद वापर, पुरुषांना वापर. सेन्सॉरच्या दबावाखाली त्याचे संवाद बदलून त्याच्या तोंडी वर जाण्याचा योग्य मार्ग आणि अयोग्य मार्ग अशी शिकवण घातली गेली, शेवटही बदलला. न कापलेली मूळ प्रत २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. चित्रीकरण बरंचसं तेच, नटी तीच, बार्बरा स्टॅन्विक. थोडे शब्द आणि शेवटची काही मिनिटं बदलून महत्त्वाकांक्षी बाईची वाट चुकलेली बाई केली गेली.

तरी इथे एक मेख आहे. शिक्षेचा शेवट चिकटवला म्हणून प्रेक्षक मधला तासभर विसरतो का? मला नाही वाटत. पडद्यावर तासभर कुणाला हवं तसं जगताना पाहिलं आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिला सरळ केलं, तर घरी जाताना बरोबर तो तास जातो. उलटंही होतं. मधला सगळा वेळ नायिकेची टिंगल करून शेवटी तिच्या तोंडी जोरदार भाषण दिलं, तर लोकांच्या लक्षात राहते ती टिंगलच. म्हणून शेवट तपासाच, पण फक्त शेवटावर निकाल देऊ नका.

संकलनाच्या टेबलावर सगळ्यात आधी काय कापलं जातं, माहीत आहे? घरकाम. बाई भांडी घासतेय, कपडे घड्या करतेय, हे आमच्या भाषेत 'डेड टाइम'. प्रसंगाची सुरुवात संवादापासून कर, आधीचं उडव. हे इतकं सवयीचं आहे की त्यात काही भूमिका आहे असं वाटतही नाही. बेल्जियमच्या शांताल आकरमान यांनी पंचविशीत १९७५ साली केलेल्या 'जान दिएलमान'मध्ये हे उलटं केलं. एका विधवा गृहिणीचे तीन दिवस, २०१ मिनिटं, हलत नसलेला कॅमेरा. बटाटे सोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ शॉट चालतो. पहिल्यांदा पाहताना माणूस कंटाळतो, हे मान्य. नंतर मात्र तिच्या हातून बारीकसं काही चुकलं तरी पोटात गोळा येतो, कारण त्या कामाचा क्रम आता आपल्यालाही पाठ झालेला असतो. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात हा चित्रपट पहिला आला. गटात पूर्ण दाखवू नका, लोक पळतील. वीस मिनिटं दाखवा.

पुरुषांबद्दल वेगळं कुणी विचारत नाही, तुमची उदाहरणंही बायकांचीच आहेत. पण साचा दोन्हीकडे असतो. पुरुष रडू लागला की कट मारायचा, ही आमच्याकडची अलिखित रीत आहे. डोळे भरले, ओठ थरथरला, की लगेच पाठमोरा शॉट किंवा खिडकीबाहेरचा पाऊस. फार झालं, 'हिरो कमजोर वाटतोय' असं कुणीतरी म्हणतंच. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरियो दि सिका यांच्या 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) मध्ये बाप पोटासाठी सायकल चोरताना पकडला जातो, लोक त्याला मुलासमोर मारतात, आणि शेवटी तो गर्दीतून चालता चालता रडतो. कॅमेरा तोंड फिरवत नाही. मुलगा वर पाहतो आणि त्याचा हात धरतो. कमावता, खंबीर, घराचा आधार असा बाप तिथे पार मोडून पडलाय, आणि दिग्दर्शकाने त्याची लाज झाकलेली नाही, तिची चेष्टाही केलेली नाही. तुमच्या यादीत असा एखादा चित्रपट नसेल तर चर्चा 'बायकांचा विषय' होऊन बसेल आणि गटातले पुरुष चहा प्यायला उठतील.

मोजमापाच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. अॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका व्यंगचित्रपट्टीतून आलेली चाचणी प्रसिद्ध आहे. चित्रपटात किमान दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हव्यात. एका अख्ख्या वर्षाचे चित्रपट तपासायला ती चांगली आहे. एका चित्रपटाचा न्याय करायला निकामी. 'ग्रॅव्हिटी' (२०१३) चा बहुतेक भाग एकटी स्त्री पडद्यावर पेलते आणि तो या चाचणीत नापास होतो. दिग्दर्शक बाई आहे म्हणून चित्रपट वेगळा असेल, हेही गृहीत धरू नका. दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री कॅथरिन बिगेलो, आणि २०१० मध्ये ते मिळालं तो चित्रपट जवळपास पूर्णपणे पुरुष सैनिकांचा होता. त्यात गैर काही नाही. फक्त दिग्दर्शकाचं नाव पाहून निष्कर्ष काढता येत नाही.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं हे कबूल. विनोदी चित्रपटात साचा आधी उभा करावाच लागतो, त्याशिवाय तो पाडता येत नाही. मग हसू साच्याला येतंय की माणसाला, एवढंच पाहायचं. काळाचाही प्रश्न आहे. १९३७ साली जे धाडस होतं ते आज साधं वाटेल, आणि आज सहज खपणारं तीस वर्षांनी लोकांना लाजवेल. पाहणारं कोण आहे यावरही अवलंबून आहे. ज्या बाईने स्वतः मार खाल्लाय ती त्या थपडेच्या शॉटकडे तुमच्या-माझ्यासारखी पाहणार नाही, आणि तिला तो शॉट नको असेल तर 'कलात्मक गरज' समजावत बसू नये.

म्हणून जुने चित्रपट काढू नका. उलट जोड्या लावून दाखवा. 'कुंकू' आणि 'उंबरठा' ही एक जोडी झालीच. 'बेबी फेस'च्या दोन्ही आवृत्त्या मिळाल्या तर त्याहून सोपा धडा नाही. चर्चेला पूर्ण चित्रपट न घेता एकच प्रसंग घ्या, पाच-सात मिनिटांचा. आधी आवाज बंद करून, मग आवाजासकट दाखवा. लोकांना मत विचारू नका, नुसतं सांगायला लावा: कोण बोलत होतं, तेव्हा पडद्यावर कोण होतं, कट कुठे झाला. एकजण म्हणेल ती रडत होती, दुसरा म्हणेल छे, तिचा चेहरा दाखवलाच नाही. मग प्रसंग पुन्हा लावा आणि बघा. त्या इन्स्पेक्टरच्या चित्रपटातला नवऱ्याशी भांडणाचा प्रसंग असेल तर तिथूनच सुरुवात करा, मारामारीचा नको. मारामारीत सगळेच सारखे दिसतात.